न भाजणारा हात

नशिराबाद, शेतावरून
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

सुंदर आत्या,

कोकिळाचा नमस्कार. तुझ्या पायांवर डोकं ठेवून, असं लिहायची रीत आहे. पण तुझ्या पायांपाशी यायचं धाडस मी कधी केलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. इकडे थंडी चांगली पडलीय, केळीची पानं सकाळी काळवंडलेली दिसतात. आमचे हे बरे आहेत, रूपा बरी आहे. मीही बरी आहे.

एवढं लिहून मी जरा थांबले होते. असो.

तुझा पत्ता आबांच्या वहीत सापडला. आबा जाऊन दोन वर्षं झाली, तुला कुणी कळवलं होतं की नाही मला माहीत नाही. वहीत तुझा पत्ता तीनदा लिहिलेला होता. पहिले दोन खोडलेले आणि तिसरा दोंडाईच्याचा. म्हणजे तू खोली बदललीस की आबांना कळत होतं. घरात मात्र त्यांनी आपल्या बहिणीचं नाव कधी काढलं नाही. खाली फोन नंबरही आहे, पण फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं.

कागद बघून तुला हसू आलं असेल. वर बैलगाडीचं चित्र आणि खाली ‘गावाकडून, आठवणीनं’. हे रूपाचं काम. माझी रूपा आता तेवीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिनं बापाच्या मागे लागून आमच्या मळ्यात ‘एक दिवस शेतावर’ नावाचं पर्यटन सुरू केलं. जळगावची, भुसावळची, कधीकधी सुरतेची माणसं सकाळी नऊला येतात आणि दिवस मावळायला परत जातात. आल्यावर गुळाचा चहा, मग बैलगाडीतून केळीच्या बागेत चक्कर. केळीच्या सोपटाचा दोर वळायचा, जात्यावर मूठभर ज्वारी दळायची. आपण ज्यापासून पळायचो ते सगळं लोक हौसेनं करतात. जाताना अशा कागदावर घरच्या कुणाला तरी पत्र लिहून लाल डब्यात टाकायचं, रूपा ती पोस्टात नेऊन देते. उरलेल्या कोऱ्या कागदांतले हे मी उचलले.

नशिराबादचे इसाकभाई पिंजारी दर रविवारी येतात. पंचाहत्तरीला आलेत, पण पिंजण खांद्यावर घेतलं की ताठ उभे राहतात. त्या मोठ्या धनुष्यासारख्या पिंजणाची तात लाकडी मुठीनं छेडली की टंय टंय असा आवाज मळाभर जातो आणि कापूस धुरासारखा वर येतो. पोरं वेडी होतात. काल एका बाईनं विचारलं, “चाचा, अजून गाद्या भरता?” तर म्हणाले, “माझ्या आजानं सात गावांच्या गाद्या भरल्या, बेटा. मी फोटोसाठी पिंजतो. दोघांचं पोट भरलं.” त्यांची सून सितारा तिथंच बसून पाहुण्यांना गोधडीचे टाके शिकवते.

आणि मी मांडे करते. तुझ्यासारखेच. खापर उलटं घालून चुलीवर तापवायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि खापरावर टाकायचा. लोक गोल करून उभे राहतात. रूपा म्हणते, माणसं वांग्याच्या भरतासाठी येतात आणि मांड्यांसाठी परत येतात.

काल जळगावच्या एका शाळेची सहल होती. त्यात हुमा नावाची एक मुलगी, आठेक वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. ती चुलीपाशीच उकिडवी बसून राहिली. मी भाजलेला मांडा खापरावरून उचलला, घडी घातली, हातानं खापर जरा सरळ केलं. ती उठून ओरडली, “टीचर, बघा ना! या काकूंचा हात भाजतच नाही!” मग बसमध्ये बसेपर्यंत ती प्रत्येकाला तेच सांगत होती. ड्रायव्हरला, इसाकभाईंना, बैलालासुद्धा. सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी भांडी आवरताना रूपा म्हणाली, “आई, हे कधी भाजलं?” डाव्या करंगळीच्या कडेला बोराएवढा फोड होता. पाणी भरलेला.

मला माहीत नव्हतं. म्हणाले, गडबडीत लागलं असेल.

बाकी काही नाही. फोड बसेल. थंडीनं हाताला मुंग्या येतात, त्या उन्हाळ्यात जातील. आत्या, एक विचारायचं होतं. तुला राग येणार असेल तर हे पत्र इथंच फाडून टाक. तुझ्या हाताचं तुला पहिल्यांदा कसं कळलं होतं? म्हणजे लोकांना कळण्याच्या आधी. तुला स्वतःला.

उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन.

तुझी भाची
कोकिळा


नशिराबाद
सोमवार, ३० डिसेंबर २०२४

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. समजून घेईन म्हटलं होतं, पण रोज पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत जाते. हे विचारतात, कुणाचं पत्र यायचंय? मी म्हणते, कुणाचं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. आज लिहिते. सकाळचे दहा वाजलेत, हे जळगावला गेलेत आणि रूपा बागेत आहे. पुढचं दार लावून घेतलंय. दिवसाढवळ्या माझ्याच घरात मी दार लावून बसलेय.

पावसाळ्यापासून माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक फिकट डाग आहे. आधी वाटलं शिबं असेल. लिंबू चोळलं, करंज तेल लावलं. डाग वाढला नाही, दुखला नाही, खाजला नाही. चुलीपुढे सगळ्या अंगाला घाम येतो, तेवढी जागा कोरडी राहते. हे मी ऑगस्टपासून बघत होते. मला आठवत होतं, पण मी आठवू देत नव्हते. मी लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली. रूपा म्हणाली, “आई, पाहुण्यांसमोर छान वाटतं हे, जुन्या काळातल्यासारखं.” पण मांडे करताना बाह्या कोपरावर घ्याव्याच लागतात.

आणि तो बोर्ड. आत्या, दिवाळीत रूपानं हायवेवर पर्यटनाचा मोठा फलक लावला. त्यावर मांडा झेलणारा माझा हात आहे, कोपरापासून बोटांपर्यंत. माझ्या उंचीपेक्षा लांब, डागासकट. बाजूला लिहिलंय, ‘कोकिळाकाकूंचे न भाजणारे हात’. ज्यांना माहीत नाही त्यांना तिथं पिठाचा डाग दिसतो. पण ज्याला माहीत आहे असा एक जरी माणूस त्या रस्त्यानं गेला तर? जळगावला जाताना मी त्या वळणावर मान खाली घालते. परवा शेजारीण म्हणाली, “तुझा फोटो बघायला जीप थांबवली आम्ही.” मी विचारलं, “काय काय दिसतं गं त्यात?”

आता कालचं सांगते. कालच्यासाठीच हे पत्र आहे.

पाहुणे जेवायला बसले होते. मी जरा टेकायला इसाकभाईंच्या मांडवात गेले आणि सिताराची अर्धी गोधडी हातात घेतली. चार टाके घातले असतील. सितारा एकदम म्हणाली, “काकू, सुई.”

मी खाली बघितलं. सुई डाव्या करंगळीच्या पेरात उभी होती. गोधडीच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचे दोन ठिपके पडले होते.

मी म्हटलं, “मांडे करून करून कातडी जाड झालीय गं.”

इसाकभाई म्हणाले, “जाड कातडी तर माझीबी आहे, कोकिळाबाई. पण सुई टोचली का मी अर्धं नशिराबाद गोळा करतो.”

सितारा हसली नाही. तू तिला ओळखत नाहीस. ती आशा आहे, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या वतीनं घरोघर जाणारी. बायकांची बाळंतपणं, लेकरांचे डोस, सगळं तिच्याकडे. आमच्याकडे ती फक्त रविवारी येते. तिनं सासऱ्यांना सांगितलं, “अब्बा, पाहुण्यांना पाणी लागतंय का बघता?” ते उठून गेले. मग तिनं पिंजलेल्या ढिगातून कापसाचा पुंजका घेतला, दोन बोटांत फिरवून त्याची बारीक वात केली आणि माझा हात मांडीवर घेतला.

“काकू, डोळे मिटा. मी जिथं हा कापूस लावते तिथं बोट ठेवायचं. लागला नाही तर गप बसायचं. ठीक?”

मी डोळे मिटले. दंडावर लागलं, बोट ठेवलं. कोपरावर लागलं, बोट ठेवलं. उजव्या हातावर दोनदा लागलं. मग काहीच लागेना. पाहुणे बाहेर भरीत पुन्हा वाढा म्हणत होते. मी वाट बघत राहिले. मला वाटलं सितारा उठून गेली. शेवटी डोळे उघडले, तर कापूस माझ्या डागावर फिरत होता. हळूहळू, गोल गोल. मग करंगळीवर. मग तिच्या शेजारच्या बोटावर. मी बघत होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

तिनं नाव घेतलं नाही. म्हणाली, “घाबरायचं नाही. लवकर कळलं तर गोळीनं बरं होतं, पूर्ण. शुक्रवारी आमच्या दवाखान्यात डॉक्टर असतात, मी थांबते तिथं.” मी म्हटलं, “सितारा, मी लेकरांचे हात धरून त्यांना कणीक मळायला शिकवते.” ती म्हणाली, “तसा हात धरल्यानं नाही होत, काकू. आणि गोळी सुरू झाली की थोड्या दिवसांत कुणालाच होत नाही. पण उशीर केला तर बोटं वाकतात. डॉक्टर ती सरळ करू शकत नाहीत.”

वाकलेली बोटं कशी दिसतात ते मला माहीत आहे, आत्या.

तुला जे झालं होतं तेच मला झालंय.

काल संध्याकाळपासून मी हुमाचं वाक्य ऐकतेय. ते वाक्य तिचं नाही. ते माझं आहे. मी अकरा वर्षांची होते. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तू मांडे करत होतीस आणि मी तुझ्यासमोर उकिडवी बसले होते. तू खापर हातानं फिरवलंस. मी धावत आत जाऊन आईला सांगितलं, “आई, आत्याचा हात भाजतच नाही!” मी कौतुकानं सांगितलं गं. मला वाटायचं, मोठी सुगरण झाली की असा हात होतो. मला तसा हात हवा होता. घरात पण सगळे तेच म्हणायचे ना, सुंदराचा हात आगीला भीत नाही म्हणून? तूही हसायचीस. आपण सगळे दोन वर्षं त्याला कसब समजत होतो.

आई मात्र हसली नाही. तिच्या माहेरी कुणाला तरी झालं असावं. तिनं हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं आणि आबांना हाक मारली.

पुढचं तुला माहीत आहे. आठ दिवसांत तुझी खाट खळ्यातल्या कोठीत गेली. तुझं ताट मी न्यायचे. आईनं सांगितलं होतं दगडावर ठेवायचं आणि मागं वळायचं. तू आतून म्हणायचीस, “कोकिळा, काय कालवण शे व?” आणि मी उत्तर न देता पळायचे. पोळ्याच्या आधी आबांनी तुला जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. मी विचारलं आत्या कधी येणार, तर आई म्हणाली, बरी झाली की. तू बरी झालीस, हे मला पुढे कुणाकडून तरी कळलं. पण तोवर घरात तुझी खाट चुलीत गेली होती.

हे मी तुला सांगते आहे, पण तुला माहीत नसलेलं एक अजून आहे. कदाचित माहीत असेलही. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गाडीनं जळगावला निघालं. दोंडाईच्याला गाडी थांबली. तू फलाटावर उभी होतीस. हिरवं लुगडं, दोन्ही हात पदराखाली. तुला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. तू डब्या-डब्यात वाकून बघत होतीस. माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. तू तीन खिडक्यांवर आलीस तेव्हा मी म्हटलं, धूळ येतेय. आणि खिडकी खाली ओढली.

तेव्हा मी अकरा वर्षांची नव्हते. एकवीस वर्षांची होते.

आता मला भीती कसली वाटते ते ऐक. मरणाची नाही. मला त्या दगडाची भीती वाटते. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरते आणि डाव्या हाताला ऊब कळते का बघते. तीन बोटांना कळते. रूपा माझ्याच ताटातला तुकडा उचलून खाते, तेव्हा मी ताट ओढून घेते, ती रागावते. मार्चमध्ये तिचं लग्न ठरवायचंय. मुलगा ललित, नरडाण्याला कारखान्यात आहे, चांगला आहे. त्याची आई कुंदाबाई बारा जानेवारीला आमच्याकडे येणार आहे. मुद्दाम माझ्या हातचे मांडे खायला. तिनंही तो बोर्ड बघितलाय.

सितारानं शुक्रवारी बोलावलंय. मी गेले तर वहीत नाव लागेल, कुणीतरी बघेल, नरडाण्याला कळेल. नाही गेले तर बोटं वाकतील, मग न सांगता कळेल. मी सिताराला म्हटलं, बारा तारीख होऊ दे. ती म्हणाली, “तेरा तारखेला तुम्ही लग्न होऊ दे म्हणाल, काकू.”

मी काय करू गं? ज्या माणसाचं ताट दगडावर ठेवून मी पळाले त्यालाच मी हे विचारतेय. दुसरं कुणी नाही मला.

कोकिळा


नशिराबाद
मंगळवार, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

आत्या,

तुझं कार्ड आठ तारखेला आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं लहान मुलानं लिहिलंय. मग कळलं, तू स्वतः लिहिलंस. पेन कसं धरलंस? दोन तळव्यांत? अक्षरं एवढी मोठी की चारच ओळी मावल्या. मला त्या आता पाठ आहेत.

“कोकिळा, पह्यले गोयी ले. मंग रड. तू नही सांगती तरी मना बोटंस्नी सांगं व्हतं. पन तू खिडकी लावी लिधी, ते मी इसरनी नही.”

मी फाटकातच खाली बसले. तेहेतीस-चौतीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी मनातल्या मनात मार खाल्ला, ते तू एका ओळीत सोडून दिलंस. मी बोलले नसते तरी तुझी बोटं बोललीच असती. आणि ज्या खिडकीवर मी धुळीचं पांघरूण घातलं होतं, ती तू बरोबर धरून ठेवलीस. बरं केलंस. माफ केलंय असं लिहिलं असतंस तर माझा विश्वास बसला नसता.

आधी गोळी घे, मग रड, असं तू म्हणतेस, म्हणून दुपारी ह्यांना सांगितलं. केळीला पाणी चालू होतं, नळीपाशी उभे होते. मी बाही वर केली, डाग दाखवला, तुझं नाव घेतलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तुझं नाव त्यांच्यासमोर पहिल्यांदा घेतलं. ते वाकून नळीखाली हात धुवायला लागले. हातांना चिखल नव्हता, आत्या. बराच वेळ धूत राहिले. मी तिथून निघून आले आणि माझी सतरंजी गोळा करून कोठाराच्या खोलीत नेऊन ठेवली. कुणी सांगायच्या आधीच.

संध्याकाळी रूपा आली. तिला सगळं सांगितलं, तुझ्या ताटासकट. ती कोठारात गेली, सतरंजी काखेत मारून परत घेऊन आली आणि धप्पदिशी माझ्या जागेवर टाकली. म्हणाली, “आई, तू माझ्यापासून ताट ओढत होतीस ते ह्यासाठी?” मग रडली. रागानं रडली. मला म्हणाली, “आणि मी तुझा तोच हात हायवेवर टांगला!”

शुक्रवारी सकाळी हे मोटारसायकल काढून अंगणात उभे होते. “चल” एवढंच म्हणाले. बोर्डाच्या वळणावर मी मान खाली घातली, तर यांनी गाडी हळू केली आणि वर बघितलं. काय बघितलं कुणास ठाऊक.

सितारा दारातच होती. डॉक्टरांनी पुन्हा कापूस फिरवला, कोपरामागची शीर दाबून बघितली, ती दोरीसारखी जाड झालीय. मग त्यांनी नाव घेतलं. मीही आता लिहिते. कुष्ठरोग. आपल्या घरात सगळे ‘मोठा आजार’ म्हणायचे, आणि मी मागच्या दोन्ही पत्रांत तेवढंही लिहिलं नाही. बारा महिने गोळ्या. पहिली त्यांच्यासमोरच घ्यायची. सितारानं कानात सांगितलं, “लघवी लाल होईल काकू, बोंब मारू नका.” गोळी माझ्या हातातून खाली पडली, दुसरी दिली. ह्यांनी बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले आणि बाटली परत केली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. झाकण लावायला घेतलं, थांबले, आणि त्याच बाटलीतून दोन घोट प्यायले.

त्यांना भीती वाटली नाही असं नाही. मी बघितलं ना. भीती वाटली आणि प्यायले.

आता रविवारचं.

कुंदाबाई आणि ललित अकराला आले. रूपा म्हणाली होती, “आई, मांडे नको करूस आज, दुसऱ्या कुणाला बसवू.” मी म्हटलं, बसते. डॉक्टरांनी करायला ना म्हटलं नव्हतं, फक्त डाव्या हातानं गरम काही धरायचं नाही, फडकं घ्यायचं. मी जाड फडकं घेऊन बसले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. फडक्यानं मांडा नीट उचलता येईना. पहिला फाटला, दुसरा खापरावर चिकटला. इसाकभाई लांबून पिंजण छेडत होते, तेही थांबले. पाहुण्यांतली एक बाई मोबाईल खाली घेऊन बघायला लागली.

कुंदाबाईंची थट्टेची सवय आहे. ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “काय विहीणबाई, जाहिरातीत तर तुमचा हात भाजत नाही म्हणे! आणि इथं फडकं? आम्हाला फसवलं का मग?”

सगळे हसले. मलाही हसता आलं असतं. थंडीनं हात आखडलाय म्हटलं असतं की झालं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं, आत्या, धूळ येतेय म्हटलं होतं तसंच, अगदी सहज. पण तुझी चौथी ओळ आठवली.

मी म्हटलं, “भाजत नाही हे खरं आहे, कुंदाबाई. तेच दुखणं आहे माझं. कुष्ठरोगाची गोळी सुरू केलीय परवापासून. माझ्या आत्याला झाला होता, तिला आम्ही घराबाहेर काढलं. तुम्हाला लग्नाआधी कळायला पाहिजे म्हणून सांगते.”

कुंदाबाईंच्या हातात घास होता, तो तोंडापर्यंत जाऊन थांबला. सितारा गोधडी टाकून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या रोजच्या आवाजात सांगायला लागली, कशानं होतो, कशानं होत नाही, किती महिन्यांत बरा होतो. ललित खाली बघत होता. कुंदाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तो घास खाल्ला. पण दुसरा घेतला नाही.

जाताना त्या रूपाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मला लांबूनच नमस्कार केला. आज तिसरा दिवस आहे, नरडाण्याहून फोन नाही. ललितचा मेसेज आला होता रूपाला, ‘मी घरी बोलतोय.’ रूपा दिवसभर फोन हातात घेऊन फिरते आणि मला दिसलं की पाठीमागे लपवते. पर्यटनाच्या दोन सहली रद्द झाल्या. का ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आज संक्रांतीला पाच घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, तीन घरांतून आलं.

तेव्हा सगळं बरं झालं असं मी लिहीत नाही. मला अजून भीती वाटते. सकाळी कप धरताना वाटते, गाडी फाटकाशी थांबली की वाटते. पण आता घरात सगळ्यांसमोर वाटते.

बोर्ड रूपानं उतरवायला काढला होता. मी नको म्हटलं. हात राहू दे, फक्त ‘न भाजणारे’ एवढं खोडून टाक. तिनं काल रंगाचा डबा नेऊन ते पुसलं. आता नुसतं ‘कोकिळाकाकूंचे हात’ राहिलंय.

आत्या, आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू ये. मला फडक्यानं मांडा उचलता येत नाही. तुला येत असणार, इतकी वर्षं तू त्याच हातांनी स्वयंपाक केलास. चुलीपाशी माझ्याशेजारी बस आणि मला शिकव, लोक असोत नसोत. तुझं ताट माझ्या ताटाशेजारी असेल, मी स्वतः वाढीन, आणि कालवण काय आहे ते तू विचारायच्या आधी सांगीन.

येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळच्या गाडीनं निघ. तू येणार की नाही हे कळवायची गरज नाही. मी जळगावच्या फलाटावर उभी राहीन. एकटी नाही, हे सोबत येतो म्हणालेत. बाही कोपरावर घेतलेली असेल, डाग दिसेल असा. प्रत्येक डब्यात वाकून बघीन. त्या गाडीत तू नसलीस तर दुपारच्या गाडीला थांबीन, आणि त्यातही नसलीस तर पुढच्या रविवारी येईन.

तुला खिडकी लावून घ्यावीशी वाटली तर लाव. तेवढा हक्क तुझा आहे. मी तरीही गाडी सुटेपर्यंत तिथंच उभी असेन.

ताट ठेवून पळालेली, आता न पळणारी
तुझी कोकिळा